माळखिंडीची गाडी

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, तिखटाच्या म्हणजे मटणाच्या जेवणाला, साबळ्यांची सारी पंगत एका माणसासाठी खोळंबत असे. रस्सा चुलीवर रटरटत राही, भाकरींची चळत पाटीत वाढत जाई, पाव्हणे घड्याळाकडे बघत. पण जोतीराम साबळे ओसरीवरच्या खुर्चीतून हलत नसत. "आक्का येऊंदे," एवढंच म्हणत. मग ओढ्यापलीकडून माळखिंडीच्या गाडीचा तो चिरका, सर्दी झाल्यासारखा भोंगा वाजे, आणि गुडघ्यांनी दगा दिलेला तो माणूस काठी न घेता उठून उभा राही.

यंदाही भोंगा वाजला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या थोरल्या सुनेनं, क्रांतीनं, तो ऐकला. या आवाजाशी तिचं नातं होतं. करंजओढे नगरपंचायतीत निवडून आल्यावर तिनं मांडलेला पहिला ठराव या गाडीचा होता. वर पठारावर, माळखिंडी नावाची वाडी. नगरपंचायतीच्या हद्दीत, पण नगरापासून कैक योजनं दूर असल्यासारखी. एसटी तिथवर चढत नव्हती. नगरपंचायतीनं तोटा सोसून छोटी बस सुरू केली; बायांना अर्धं तिकीट, म्हाताऱ्यांना फुकट. गावातले टवाळ तिला 'म्हाताऱ्यांची वरात' म्हणत. पण त्या वरातीत बसून माळखिंडीची माणसं बाजारला उतरली, मिरजेच्या दवाखान्याची एसटी धरू लागली. आणि साठ वर्षांपूर्वी त्या वाडीत दिलेली जोतीरामांची थोरली बहीण, अंबूबाई, दर मंगळवारी माहेरी येऊ लागली.

हा भोंगा पुढं वाजत राहील की नाही, ते उद्या ठरणार होतं. आणि ते ठरणं क्रांतीच्या जिभेच्या टोकावर येऊन थांबलं होतं.

गावाचा नवा विकास आराखडा आला होता. त्या रंगीत नकाशात साबळ्यांच्या सडकेकडेच्या रानावर रेघारेघांचा एक चौकोन पडला होता: बसथांबा आणि वाहनतळ. सडक रुंद झाल्यापासून माळखिंडीच्या गाडीला गावात टेकायला जागा उरली नव्हती. देवळापुढं थांबली तर पुजारी, चौकात थांबली तर पोलीस. गाडीच्या ठेकेदारानं स्पष्ट सांगून टाकलं होतं, हक्काची जागा द्या, नाहीतर दिवाळीपासून दुसरा बघा. दुसरा मिळणार नव्हता. साऱ्या गावात तेवढा एकच तुकडा सोयीचा होता, आणि त्यावरच्या आरक्षणाला जोतीरामांनी हरकत घेतली होती. उद्या सर्वसाधारण सभेत तिचा निकाल.

सभागृह मधोमध चिरलेलं होतं. घरच्या जमिनीचा विषय म्हणून क्रांतीला मत देता येणार नव्हतं. चर्चेच्या आधी उठून बाहेर जायचं होतं. नगराध्यक्ष भरतेश चौगुले भला माणूस होता, पण भल्या माणसांसारखाच भित्रा. परवा त्यानं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ताई, समसमान होणार. निर्णायक मत माझं. मी गाडीच्या बाजूचा हाय, पण तुमच्या घरादाराचा शाप मला नको. उठून जाताना फक्त एक वाक्य बोला, 'आमच्या घराची हरकत नाही.' मी आरक्षण ठेवतो. नाही बोललात, तर तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं मान्य."

एक वाक्य. आणि ते बोलण्याआधी हे घर राजी करायला क्रांतीच्या हाती आजची दुपार होती.

"आत्या आल्या गं!" बाहेरून जाऊबाईचा, राजनंदिनीचा आवाज आला.

अंबूबाई उंबऱ्यात उभी होती. वाळल्या बाभळीसारखी उंच, काटक. डोक्यावरचा पदर गाडीच्या वाऱ्यानं मागं गेलेला. हातात हुलग्यांचं गाठोडं. रिकाम्या हातानं ती माहेरची पायरी कधी चढली नाही.

"का रं जोत्या, जेवला न्हाईस अजून? मी मेले असते वाटंत तर उपाशी ऱ्हायला असतास व्हय?"

"तू कशाला मरतीयास? फुकटची गाडी हाय तवर यमबी तुला न्हेत न्हाई," जोतीराम म्हणाले.

"फुकटची म्हणू नगंस. माझ्या सुनंनं आणलीया ती." तिनं क्रांतीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "ड्रायव्हर मला म्हनतो, आजी, तुमी मागल्या शिटावर बसा. म्या म्हनलं, नाथाजी, पुढल्या शिटावर बसल्याबिगर मला माह्यार दिसत न्हाई."

सगळे हसले. क्रांतीही हसली, आणि त्या हसण्याच्या तळाशी काहीतरी खडा लागावा तसं तिला लागलं.

*

पंगती उठल्या. पाव्हणे सुपारी कातरून पांगले. ओसरीवर घरची माणसं तेवढी उरली, आणि सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मधे येऊन बसली.

पहिल्यांदा बोलला तो क्रांतीचा नवरा. जयराज सैन्यातून सुभेदार होऊन आला होता. घरातही बोलायचा तो खांदे मागं नेऊन.

"आबा, माझं सरळ म्हणणं हाय. रान गेलं तरी मोबदला मिळणार. गाडी गेली तर परत येणार न्हाई. लडाखात आमी बर्फातनं रस्ता काढायचो, कशासाठी? पलीकडं माणसं हायती म्हणून. वर माळखिंडीतबी माणसंच हायती."

"दादा, तुझी पेन्शन चालू हाय," धाकटा ऋषिराज म्हणाला. "तुला बर्फ परवडतो."

"ऋषी!"

"न्हाई, बोलूंदे मला. वहिनी, तुमीबी ऐका." तो शिरवळच्या कारखान्यांना कामगार पुरवायचा. दोन कंपन्यांनी ठेका काढून घेतल्यापासून त्याच्या बोलण्यात एक खरखर आली होती. "तिथं आता माझं काय उरलं न्हाई. भाड्याच्या खोलीत बसून रोज फोनकडं बघायचं. मला घरी यायचंय. त्या तुकड्यावर मंगल कार्यालय बांधायचंय. सडकेला लागून, पार्किंगसकट. जमिनीचा मोबदला घेऊन मी काय करू? मला जागा पायजे. माझी जागा."

'माझी जागा' म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो लबाड नव्हता, हेच क्रांतीच्या वाट्याला आलेलं खरं संकट. लबाडाशी भांडता येतं. थकून घरी येऊ पाहणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

जोतीराम धाकट्याकडं बघत होते. त्या बघण्यातच निम्मा निकाल होता. गेली कैक वर्षं त्यांची मुलं त्यांना सणासुदीपुरती भेटत आली. एक सरहद्दीवर, एक हायवेवर. आता थोरला परत आला होता, आणि धाकटाही दारात येऊ म्हणत होता.

"मामंजी," क्रांती म्हणाली, "भाऊजींनी यावं असं मलाही वाटतं. मळ्याकडच्या रस्त्याला कार्यालय होईल की. थोडं आत पडेल, एवढंच. पण बसथांब्याला दुसरी जागा नाही. गाडी बंद झाली तर वरची माणसं..."

"वरची माणसं वरची हायती, वहिनी," ऋषिराज म्हणाला. "तुमाला मत देत्यात म्हणून तुमची. आमी घरातले मत देत न्हाई का?"

"तसं नको बोलू तिला," जयराज म्हणाला. पण आवाज आधीपेक्षा उतरला होता. भावाच्या डोळ्यांतलं पाणी त्यानं पाहिलं होतं.

"वरच्या माणसांत आत्या पण आहेत," क्रांती म्हणाली.

क्षणभर सगळ्यांच्या नजरा खांबाला टेकून बसलेल्या अंबूबाईकडं वळल्या. ती हुलगे निवडत होती. आणलेली भेट स्वतःच निवडून द्यायची, ही तिची रीत.

आणि इथंच, पुढं क्रांतीला पुन्हा पुन्हा वाटत राहिलं, आपण त्या बाईचं नाव घ्यायला नको होतं. सभेत घ्यायचं, चौकात घ्यायचं. तिच्या भावाच्या ओसरीवर नाही.

कारण जोतीराम खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "मग आक्काच सांगंल. आक्का, तुझ्यासाठी भांडण चाललंय हे. तूच बोल. गाडी पायजे का तुला?"

हा प्रश्न त्या घरात नवा नव्हता. वडील वारल्यावर याच भावानं याच बहिणीला असंच विचारलं होतं, आक्का, रानात तुझा वाटा हाय, तुला काय पायजे? आणि तिनं रीतीप्रमाणं उत्तर दिलं होतं. हक्कसोड करून ती परत निघाली, तेव्हा भावानं तिला लुगडं-चोळी केली. तेव्हापासून दर जत्रेला चोळीचा एक खण. बहीण 'नको' म्हणते, भाऊ खण देतो, आणि माहेरचं दार उघडं राहतं. मुलखात असाच व्यवहार होता, आणि त्याला कुणी व्यवहार म्हणत नव्हतं.

अंबूबाईनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मला काय नगं," ती म्हणाली.

"नीट सांग. मनात ठिऊ नगंस."

"नीटच सांगतीया. भावाचं रान अडवून मला गाडी कशाला? ऋष्या घरी येऊंदे. पायात जीव हाय तवर मी खिंड उतरून यीन की. आमच्या सासूबाई न्हाई व्हय यायच्या चालत बाजारला?"

"आत्या, तुमचे गुडघे," क्रांती म्हणाली.

"गुडघं माझं हायती गं. त्यास्नी मी सांगती."

पुन्हा हसू फुटलं. ओसरीवर साचलेला ताण त्या हसण्याबरोबर उंबरा ओलांडून गेला. ऋषिराजनं पुढं होऊन आत्याच्या पायाला हात लावला. जोतीरामांनी डोळे मिटून मान मागं टेकवली. जयराजनं बायकोकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"मग झालं," तो म्हणाला. "जिचा प्रश्न तीच राजी हाय. आता आपण अडवायचं, ते कुणाच्या नावानं?"

*

स्वयंपाकघरात राजनंदिनी परातीतलं उरलेलं पीठ गोळा करत होती. क्रांती तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. दोघींमध्ये बहिणींसारखं कधीच नव्हतं. पण वैरही नव्हतं.

"ताई," राजनंदिनी वर न बघता म्हणाली, "आत्यांनी नको म्हटलं, ते तुम्हाला खरं वाटलं?"

क्रांतीनं चमकून पाहिलं.

"माझ्या बापाच्या पश्चात भावानं मलाही विचारलं होतं. सगळे पाव्हणे बसलेले. मी काय म्हटलं असेल? तुम्ही काय म्हटलं होतं तुमच्या भावाला?"

"हेच."

"हेच. आपण सगळ्या हेच म्हणतो. म्हणावंच लागतं. आणि मग ते लोक सुखानं जेवतात."

"मग तू बाहेर का बोलली नाहीस?"

राजनंदिनीनं पिठाचा गोळा मुठीत दाबला. "कारण मला माझा नवरा घरी पाहिजे. शिरवळच्या खोलीत तो रात्र रात्र पंख्याकडं बघत पडतो, ताई. मला भीती वाटते." तिनं पिठाच्या मुठी तशाच जोडल्या. "आत्यांचं खरं मला कळतंय. तरी मी तुम्हाला हात जोडते. उद्या सभेत गप राहा."

दोन्ही गोष्टी तिनं एकाच श्वासात म्हटल्या होत्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या. क्रांतीला तिचा राग येईना. राग येता तर बरं झालं असतं.

*

उन्हं कलली तशी अंबूबाई निघाली. हातात नवा खण, पदरात मटणाचा डबा. गाडी त्या दिवशी देवळामागच्या गल्लीत लपल्यासारखी उभी होती. क्रांती सोबत गेली.

"या आज्जी, पुढली शीट राखून ठिवलीया," नाथाजी म्हणाला. "मटण एकट्याच खानार काय?"

"तुला वास दिला तेवढा पुरं."

"भावाच्यात जायचं, हादडायचं, आन् वर डबा! लय पुण्य केलंय तुमी."

"पुण्य न्हवं रं, गाडी हाय," मागच्या बाकावरून माळखिंडीचीच सुलाबाई म्हणाली. "गाडी नव्हती तवा ही म्हातारी वरसातनं एकदा यायची, तीबी कुनी न्यायला आलं तर. खिंडीच्या कड्यावर हुबं ऱ्हायाची, गावाकडं तोंड करून. म्हनायची, जोत्याच्या घरचा धूर दिसतोय."

"गप गं तू," अंबूबाई म्हणाली.

क्रांतीनं खिडकीच्या गजांतून तिचा हात धरला. "आत्या, खरं सांगा. तिथं बोललात ते राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?"

अंबूबाईनं तिच्याकडं पाहिलं. त्या डोळ्यांत वाढत चाललेला मोतीबिंदू होता, आणि त्यामागं कुठंतरी, धुक्यातल्या दिव्यासारखं, एक हसू.

"मी बोलले ते माझ्या भावाच्या दारात बोलले, पोरी. तुझी सभा माझ्या भावाचं दार न्हवं." मग थोडं थांबून, "तुला जे बोलायचं ते बोल."

गाडी हलली. गजांवरची ती सुरकुतलेली बोटं क्रांतीच्या बोटांतून सुटली.

घरी परतताना ती त्या वाक्याला उलटं सुलटं करून पाहत राहिली. त्याचा अर्थ लागत नव्हता असं नाही. तो इतका सरळ होता, की त्याच्याकडं सरळ पाहण्याचं धैर्य होईना. रात्रीची जेवणं झाली. ऋषिराजनं तिच्या ताटात स्वतःच्या हातानं गूळ वाढला आणि म्हणाला, "वहिनी, कार्यालयाला तुमचं नाव देऊ." सगळे हसले. कित्येक वर्षांत त्या घरात एवढं मोकळं हसू ऐकू आलं नव्हतं.

*

सभागृहात पंखे फिरत होते, पण वारा कुणापर्यंत पोहोचत नव्हता. भिंतीवर आराखडा टांगलेला. क्रांतीच्या जागेवरून तो चौकोन स्पष्ट दिसत होता. आणि नकाशाच्या वरच्या टोकाला, रंग संपून नुसता कागद उरला होता तिथं, बारीक अक्षरांत, माळखिंडी.

"विषय क्रमांक सात," मुख्याधिकाऱ्यांनी वाचलं. "बसथांबा व वाहनतळ या आरक्षणावरील हरकत. सन्माननीय सदस्या क्रांती साबळे यांचा कौटुंबिक संबंध असल्यानं त्यांनी नियमाप्रमाणं सभागृहाबाहेर जावं."

क्रांती उठली. खुर्ची करकरली.

"वरात बंद, आता मंगल कार्यालयात वरात सुरू," मागून कुणीतरी पुटपुटलं. दोघंतिघं हसले.

"शांत बसा," भरतेश म्हणाला. त्यानं चष्मा काढून पुसला. "ताई, जाण्याआधी तुम्हाला काही म्हणायचंय?"

त्याच्या नजरेत विनवणी होती. एक वाक्य द्या, मी त्याच्या आधारानं उभा राहतो. क्रांतीला ते दिसलं. तिनं तोंड उघडलं. आमच्या घराची. एवढे दोन शब्द ओठांशी आलेही. आणि नेमका तिथंच तिच्यापुढं तो शब्द उभा राहिला, घर. खुर्चीत मान टेकवून डोळे मिटलेले जोतीराम. गुळाचा खडा वाढणारा धाकटा दीर. पिठाच्या मुठी आवळून हात जोडणारी जाऊ. नवऱ्याची काढून घेतलेली नजर. या सगळ्यांच्या वतीनं ती खोटं बोलणार होती. आणि न बोलली, तर एका म्हाताऱ्या बाईनं खोटं बोललेलं खरं ठरणार होतं.

तिला वाटलं, आत्याच तर म्हणाल्या. स्वतःच्या तोंडानं. सगळ्यांसमोर.

"नाही," क्रांती म्हणाली. "माझं काही म्हणणं नाही."

भरतेशनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ती दरवाज्याकडं चालू लागली. दार तिच्यामागं मिटेपर्यंत तिला कळून चुकलं होतं की आपल्या त्या 'नाही'चा आवाज तिच्या ओळखीचा आहे. काल ओसरीवर, खांबाला टेकून, हुलगे निवडता निवडता याच आवाजात कुणीतरी म्हणालं होतं, मला काय नगं. फक्त त्या बाईला दुसरं काही बोलायची मुभा नव्हती. क्रांतीला होती. तिनं बोलावं म्हणूनच तर तिला त्या खुर्चीत बसवलं होतं.

*

दिवाळीआधी गाडी बंद झाली. शेवटच्या दिवशी नाथाजी रिकामी बस घेऊन घरासमोरून गेला आणि विनाकारण भोंगा वाजवला. जोतीराम ओसरीवर सवयीनं उभे राहिले, मग बसले.

ऋषिराज घरी आला होता. सडकेकडेच्या रानात पायाचे खड्डे निघाले होते. तो उन्हातान्हात तिथं उभा राही, गवंड्यांशी हुज्जत घाली, रात्री भाजी परत मागून घेई. राजनंदिनीच्या चेहऱ्यावरचा ओढलेपणा गेला होता. जे व्हायला हवं होतं, ते सगळं झालं होतं. घरात कुणाची कुणाविरुद्ध तक्रार नव्हती. मंगळवारी दुपारी मात्र जेवणं उगाचच उशिरा होत.

भाऊबीजेला जोतीरामांनी जयराजला माळखिंडीला धाडलं. "मोटारसायकलवर तिला बसवत न्हाई. ऋष्याची चारचाकी घेऊन जा. लागलं तर उचलून आण."

ओवाळणीचं ताट भरून ठेवलं होतं. क्रांतीनं निरांजनात दोनदा तूप घातलं. संध्याकाळ होता होता गाडी आली. जयराज एकटाच उतरला. हातात गाठोडं होतं.

"आजारी हाय का?" जोतीरामांनी विचारलं.

"न्हाई. चांगली हाय. दारात बसली हुती, माळाकडं तोंड करून." जयराज पायरीवरच बसला. सुभेदाराचे खांदे पुढं आले होते. "म्या म्हनलं, आत्या चला, न्यायला आलोय. तर म्हनाली, कोन न्यायला आलं की मी पाव्हनी झाले, बाळा. नवं लगीन झाल्यावर दोन-चार वर्षं यायचा मुराळी न्यायला, ते बरं दिसायचं. आता या वयात मुराळी नगं. गाडी हुती तवा मी उठायचे आन् यायचे, न विचारता. कुनाला खोळंबा न्हाई, कुनाचं उपकार न्हाईत. ते माह्यार हुतं. म्हनाली, जोत्याला सांग, राग न्हाई."

ऋषिराज खांबाच्या आडोशाला गेला.

क्रांतीनं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं. हुलगे होते, निवडलेले, स्वच्छ, त्यात शोधून खडा सापडला नसता. आणि ज्यात ते बांधले होते ते फडकं गाठ सुटताच तिच्या मांडीवर पसरलं. हिरवा, काठांचा, कोरा. जत्रेचा खण. शिवायला टाकलेलाच नव्हता. परतही केला नव्हता. भेट बांधून पाठवायला वापरला होता, एवढंच. रीत कुठं मोडली म्हणायची सोय नव्हती.

जोतीरामांची नजर त्या खणावर गेली. मग त्यांनी विचारलं, ओसरीवरच्या त्या दुपारपेक्षा फार हळू, उत्तराला भ्यायल्यासारखं,

"तिला काय पायजे का, विचारलंस का रं?"

"विचारलं, आबा."

"मग?"

जयराजनं मान खाली घातली.

"मला काय नगं, म्हनाली."

निरांजनातली वात तडतडली. या वेळी ते ऐकून कुणाचंही मन हलकं झालं नाही.